टपावरची जागल

मे महिन्यात आम्ही नामिबियाला जातोय असं मी गल्लीत सांगितलं, तेव्हा समोरच्या बिछायतवाल्याने विचारलं, "तिकडे काय हाय, सर?"

"वाळवंट," मी म्हटलं.

"अन्?"

"जंगली जनावरं."

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग आवाज उतरवून म्हणाला, "घरी काही अडचन तं नाई ना?"

त्याचंही चुकलं नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या माणसाने जनावरं पाहायला पैसे मोजावेत, हे कोकणातल्या माणसाने पाऊस पाहायला तिकीट काढण्यासारखं आहे. रोही (म्हणजे नीलगाय), रानडुक्कर, हरीण ही मंडळी आमच्याकडे विनातिकीट येतात आणि जेवून जातात. माझ्या थोरल्या भावाचं वावर पांढरकवड्याच्या बाजूला आहे, टिपेश्वर अभयारण्यापासून फार लांब नाही. अभयारण्य कागदावर 148 चौरस किलोमीटरचं आहे, पण वाघांना त्याचा सातबारा कुणी दाखवलेला नाही. त्यामुळे कपाशी वेचायला गेलेल्या बायका चार-चारच्या जथ्याने जातात आणि मोठमोठ्याने बोलतात.

तर हे सगळं सोडून नामिबिया. कारण दादाचा मुलगा. पोरगा खाणकाम शिकला, आधी वणीकडच्या कोळशात होता, मग स्वाकोपमुंडजवळच्या युरेनियमच्या खाणीत लागला. दोन वर्षं बोलावत होता. शेवटी त्याने परस्पर सगळं ठरवलं आणि फोनवर सांगितलं की पहिले पाच दिवस मला सुटी नाही, तुम्ही चौघं सेल्फ-ड्राइव्ह करा, मी पुढे येऊन मिळतो.

"सेल्फ-डाइव म्हंजे?" दादाने मला विचारलं.

"आपली गाडी आपणच चालवायची."

"म्हंजे डायवर नाई."

"नाही."

"गाइड?"

"नाही."

"सैपाक?"

"आपला आपण."

"झोपाचं?"

"गाडीच्या टपावर."

दादाने पान तोंडात टाकलं आणि बराच वेळ चघळलं. "मंग पैशे कायचे घेते?"

मी निवृत्त भूगोल मास्तर. जाण्याआधी मी आकडे काढून बसलो. नामिबियाचं क्षेत्रफळ सुमारे 8 लाख 24 हजार चौरस किलोमीटर. आपला जिल्हा 13,582. सोळाच्या सोळा तालुक्यांसकट साठ यवतमाळ त्या देशात मावतात. आणि माणसं? त्यांच्या 2023 च्या शिरगणतीत तीस लाखांच्या जरा वर. आपल्या एका जिल्ह्यातच 2011 साली 27 लाख 72 हजार होती. म्हणजे साठ जिल्ह्यांच्या जागेत एका जिल्ह्याची वस्ती. दादाला हे सांगितल्यावर त्याने लगेच भागाकार मागितला. माणशी साधारण 27 हेक्टर पडतं, एकरात सदुसष्ट.

"सदुसष्ट एकर!" दादा म्हणाला. "अन् तरी आमचं पोट्टं तिथं नोकरी करते?"

"अरे, त्यात पाणी नाही."

"मंग कोरडवाहू म्हन ना. आपलं कोनतं ओलिताचं हाय?"

पंचेचाळीस अंशांतून निघून आम्ही विंडहूकला उतरलो तेव्हा तिथे हिवाळा लागत होता. चौघांनी अंगावर होतं नव्हतं ते चढवलं. वहिनींनी बॅगेतून सतरंजी काढून खांद्यावर घेतली. ही सतरंजी सोबत आणण्यावरून घरी मोठा वाद झाला होता आणि विमानात तिचं वजन दोन किलो चारशे ग्रॅम भरलं होतं. तिचा उल्लेख आत्ताच करून ठेवतो.

गाडी देणाऱ्या माणसाने आम्हाला पाऊण तास शिकवलं. डिझेलची डबल-कॅब पिकअप, दोन स्टेपन्या, पाण्याची टाकी, फ्रिज, गॅसची शेगडी, चाकात हवा भरायचा कॉम्प्रेसर आणि टपावर घडी घातलेले दोन तंबू. स्टेअरिंग उजवीकडे आणि गाडी डावीकडून, म्हणजे तेवढं आपल्यासारखंच. पुढे त्याने नियम सांगितले. खडीच्या रस्त्यावर ऐंशीच्या वर जायचं नाही. ब्रेक एकदम दाबायचा नाही. आणि अंधार पडल्यावर गाडी चालवायची नाही, कारण रस्त्यावर जनावरं येतात. मी एकेक वाक्य भाषांतर करून दादाला सांगत होतो. शेवटचं ऐकून तो म्हणाला, "याले पांढरकवड्याले घेऊन चाल. आपल्या आरटीओत बसवू."

विंडहूक सोडलं, डांबर संपलं आणि खडी सुरू झाली. या रस्त्याचं वर्णन करायचं तर टिनाच्या पत्र्यावरून गाडी चालवत न्यावी तसं. आडव्या लाटाच लाटा. गाडीतलं प्रत्येक भांडं बोलायला लागतं, मग दात, मग विचार. मी दोन्ही हातांनी स्टेअरिंग धरून घामाघूम झालो होतो आणि मागून घोरण्याचा आवाज येत होता. दादा झोपला होता. ज्याने उभं आयुष्य खेड्यापाड्यांच्या एस.टी.त मागच्या बाकावर काढलं, त्याला हा पाळणा होता. उठल्यावर त्याने फक्त एकच चौकशी केली, की हा रस्ता कुठल्या गावाला जातो. मी म्हटलं, पुढे दीडशे किलोमीटर गाव नाही. इतक्यात समोरून रस्ता सपाट करणारं ग्रेडर यंत्र आलं, मागे गुळगुळीत पट्टा सोडत. दादा खिडकीतून मान वळवून ते दिसेनासं होईपर्यंत पाहत राहिला. गाव नाही, मतदार नाही आणि तरी रस्ता दुरुस्त होतोय, ही त्या देशातली त्याला सगळ्यात अद्भुत वाटलेली गोष्ट. हत्ती नंतर.

ऐंशीच्या मर्यादेचा मात्र कुणाला त्रास झाला नाही. आम्ही शकुंतलेवर वाढलेली माणसं. यवतमाळ ते मूर्तिजापूर 113 किलोमीटरची ती नॅरोगेज गाडी 1994 पर्यंत वाफेच्या इंजिनावर चालायची. तिच्यातून उतरून माणूस लघवीला जाऊन परत चढायचा, असं जुने लोक शपथेवर सांगतात. त्या मानाने आम्ही उडतच होतो.

तासातासाने एखादी गाडी समोरून यायची. चालक स्टेअरिंगवरचं एक बोट उचलून नमस्कार करायचा. दादा खिडकीतून अर्धा बाहेर येऊन "राम राम" म्हणायचा. तिसऱ्या दिवशी एका ट्रकवाल्याने पुरता हात उचलला. मी ते माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

पहिला मुक्काम सेसरीमला. सोसुसव्लेईच्या वाळूच्या डोंगरांचं फाटक तिथे आहे. तंबू उघडला, शिडी लावली, दादा वर चढला, चहूकडे नजर फिरवली आणि वरूनच ओरडला, "अबे, हे तं मचान हाय!"

आता ज्यांनी जागल केली नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. कपाशीला बोंडं धरली, तूर फुलली, हरभरा घाट्यांवर आला की आमच्याकडचा शेतकरी रात्री घरी झोपत नाही. वावरात चार बल्ल्या रोवून वर मचाण बांधतो, त्यावर कडबा, कडब्यावर घोंगडं, आणि हातात टॉर्च, काठी, रिकामा डबा. रोह्यांचा कळप एका रात्रीत जे खातो आणि त्याहून जास्त जे तुडवतो, ते पुढे वर्षभर भरून निघत नाही. म्हणून थंडीत, अंधारात, कान उघडे ठेवून पडून राहायचं. पानं वाजली की डबा बडवायचा आणि हाका मारायच्या. दादाने हे तीस वर्षं केलंय. त्याच्या मचाणीची किंमत चार बल्ल्या आणि सुतळी. या टपावरच्या मचाणीचं एका रात्रीचं भाडं मी त्याला सांगितलं नाही. अजूनही सांगितलेलं नाही, आणि हा लेख त्याच्या हाती पडणार असल्यामुळे इथेही लिहीत नाही.

त्या रात्री गारठा असा, की चांदण्या कडकड वाजतील असं वाटावं. आकाश इतकं भरलेलं, की आपल्या ओळखीचे सप्तर्षी शोधायला वेळ लागला. सापडले तेही उत्तरेला, उलटे टांगलेले. मी हिला दक्षिणेचा त्रिशंकू दाखवत होतो. हिला झोप आली होती. दोनच्या सुमाराला कुठेतरी कोल्हा ओरडला आणि खाली कचऱ्याच्या डब्याजवळ खुडबुड झाली.

पुढचं सगळं दादाने झोपेत केलं, असं त्याचं म्हणणं आहे. धाडकन तंबूची चेन उघडली, रोडग्यांच्या पिठाचा स्टीलचा डबा उचलला आणि झाकण त्यावर दणादण हाणत तो कोरड्या आकाशाखाली ओरडला, "होऽऽ हाऽऽ! हाट् हाट्! होऽऽ हाऽऽ!" तीस वर्षांचा कमावलेला आवाज. वाळवंटात अडवायला झाडही नाही. आवाज अंगोलाच्या सरहद्दीपर्यंत गेला असावा. पूर्ण तळावर दिवे लागले. एक बाई किंचाळली. कोल्हा तर गेलाच.

सकाळी शेजारच्या तंबूतले एक जर्मन आजोबा कॉफीचा मग घेऊन आले आणि फार अदबीने विचारू लागले की रात्री काय झालं. मी म्हटलं, "काही नाही, माझ्या भावाने तुमचं पीक वाचवलं."

सेसरीम या नावाची कथा दादाला आवडली. तिथे एक खोल अरुंद घळ आहे आणि तिच्या तळाशी पाणी साचतं. जुन्या काळी बैलगाड्या घेऊन जाणारे प्रवासी चामड्याचे सहा पट्टे एकमेकांना बांधून बादली खाली सोडत, तेव्हा कुठे ती पाण्याला टेकायची. सेसरीम म्हणजे सहा पट्टे. "आपल्या मोटेचा नाडा," दादा म्हणाला आणि घळीत वाकून खोली जोखायला लागला. आमच्या आज्याच्या विहिरीला किती नाडा लागायचा, हे मग आम्ही दुपारपर्यंत ऐकलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे डेडव्लेई. साठ किलोमीटर डांबरी रस्ता आहे, दोन्ही बाजूंना जर्दाळूच्या रंगाचे वाळूचे डोंगर. पंचेचाळीसाव्या किलोमीटरला जो डोंगर आहे त्याचं नाव 'ड्यून 45'. नाव ठेवणाऱ्याला झोप आली असावी. डांबर संपल्यावर शेवटचे पाच किलोमीटर नुसती वाळू. तिथे चाकातली हवा कमी करायची, फोर-व्हील टाकायचं आणि थांबायचं नाही, असं मला शिकवलेलं होतं. मी हवा कमी केली, फोर-व्हील टाकलं आणि ओरिक्स नावाचं एक हरीण आडवं आलं म्हणून थांबलो.

गाडी पाटापर्यंत रुतली. मी ॲक्सिलरेटर देईन तसतशी ती खाली जात होती. मी पुस्तिका काढली. दादा वाळू उपसत होता. वहिनी उतरल्या, पदर खोचला, दोन मिनिटं नुसत्या बघत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, चिखलात टॅक्टर फसला तं आपन काय करतो?"

"पऱ्हाट्या टाकतो चाकाखाली."

"इथं पऱ्हाटी कुठं हाय?" असं म्हणून त्यांनी सतरंजी काढली. घडी करून पुढच्या चाकासमोर सारली, मागच्या चाकांना आमच्या दोघींनी आणलेली तंबूची पायपुसणी. "हळू घ्या. बैल दबकते तसं." गाडी गुरगुरली, चढली आणि सुटली. सतरंजीला मात्र अजूनही झटकली की लाल वाळू पडते. घरी आता तिच्या वजनाबद्दल कुणी बोलत नाही.

डेडव्लेईत पोहोचलो. पांढरी भेगाळलेली जमीन आणि तीत काळी वाळलेली झाडं. पाणी आटल्यावर ती मेली, त्याला सहाशे-सातशे वर्षं झाली असं मानतात, आणि हवा इतकी कोरडी की ती कुजलीही नाहीत. उभीच आहेत. लोक तिथे कुजबुजत बोलतात. दादाने एका खोडाभोवती फेरी मारली.

"सातशे वर्ष?"

"हो."

"अन् कोनी तोडलं नाई?"

"नाही."

त्याने टोपी काढली. जोडमोहा आणि घाटंजीच्या जंगलातलं सागवान पाहिलेला माणूस तो. जिवंत झाड सहा महिने टिकण्याची मारामार, इथे मेलेलं सातशे वर्षं उभं. नंतर तो कुणाशी फार बोलला नाही.

संध्याकाळी रोडगे. तिथल्या प्रत्येक तळावर मांस भाजायला चुलाणं असतं, त्याला ते ब्राय म्हणतात. वहिनींनी त्यात लाकडाचे निखारे पाडले, रोडगे पुरले, वांगी भाजली. गोवऱ्या नसल्याची खंत तेवढी होती. (पुढे इटोशा उद्यानात हत्तीचं वाळलेलं शेण दिसल्यावर त्यांनी एका ढिगाच्या किती गोवऱ्या होतील याचा हिशेब मांडला होता. आकडा मोठा होता.) वास गेला तसे जर्मन आजोबा आले, खुर्ची स्वतःचीच घेऊन. तीन रोडगे खाल्ले, ठेच्यामुळे डोळे पुसले आणि विचारलं, तुमच्याकडेही वन्यप्राणी आहेत का?

दादाने माझ्याकडे पाहिलं. "त्याले वाकरचं सांग."

मग मी सांगितलं. टिपेश्वरात जन्मलेला एक तरणा वाघ. 2019 च्या फेब्रुवारीत त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर घातली. पावसाळा लागताना तो निघाला. कुठे? जागा शोधायला, किंवा वाघीण, किंवा दोन्ही. पांढरकवड्याहून आदिलाबादकडे, तिकडून उमरखेड, पुसद, नांदेड, हिंगोली, वाशीम, अकोला असं करत वर्षअखेरीला बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. तोवर 1,300 किलोमीटर. पुढे आणखी भटकला. नऊ महिन्यांत मिळून तीन हजारांच्या घरात. लोकांनी त्याचं नाव 'वॉकर' ठेवलं. नाले, कपाशी, हायवे, गावं, सगळं ओलांडलं, बहुतेक रात्रीचं. 2024 च्या डिसेंबरात टिपेश्वरचाच दुसरा एक वाघ थेट धाराशिव जिल्ह्यात येडशीच्या जंगलात निघाला. त्याला तिथल्या रामलिंगाचं दर्शन घ्यायचं असेल.

आजोबांनी वहीत काहीतरी लिहून घेतलं. "आणि तो झोपायचा कुठे?"

"लोकायच्या वावरात," दादा म्हणाला. "पानी लोकायचं, जेवन लोकायचं, गाडी नाई, डिझेल नाई, परमिट नाई. ह्याले म्हनते सेल्फ-डाइव."

हे भाषांतर मी शब्दशः केलं.

सगळंच नाही सांगितलं. 2018 च्या नोव्हेंबरात राळेगावच्या बाजूला गोळी घातलेल्या अवनी वाघिणीची गोष्ट दादाच्या ओठांवर आली होती, त्याने ती गिळली. तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका होता तिच्यावर. तिला हुडकायला महागडं विदेशी सेंटही वापरून पाहिलं होतं. त्या प्रकरणात हसण्याजोगं तेवढंच आहे, आणि आमच्याकडच्या माणसाला त्याचंही हसू येत नाही.

स्वाकोपमुंडला पोरगा भेटला, सुटी घेऊन, आणि पुढे इटोशापर्यंत त्यानेच गाडी हाकली. इटोशा राष्ट्रीय उद्यान 22 हजार चौरस किलोमीटरचं. यवतमाळ आणि वर्धा हे दोन्ही जिल्हे त्यात घातले तरी थोडी जागा उरते. आणि एवढ्या सगळ्याला कुंपण. दादा फाटकाशी उतरून तारा हाताने ओढून पाहायला निघाला, पोराने अडवलं.

"पाय," दादा मला म्हणाला, "इथं कुंपन जनावरायले हाय. आपल्या इकडं कुंपन शेतकऱ्याले."

ओकाकुएयोच्या पाणवठ्यावर रात्री मंद उजेड ठेवलेला असतो. बांधाच्या अलीकडे बाकांवर लोक नाटकाला बसल्यासारखे बसतात, खोकलासुद्धा आवरून. चौदा हत्ती आले. मग काळा गेंडा आला, पाण्यात स्वतःचं प्रतिबिंब पाहत उभा राहिला. कॅमेऱ्यांची पाखरं उडाली. आमची ही माझा दंड घट्ट धरून बसली होती. लग्नाला अडतीस वर्षं झाल्यावर एवढ्यासाठी तरी गेंड्याचे आभार मानायला हवेत. दादा पुढे वाकून पुटपुटत होता. मला वाटलं, भारावला. जवळ कान नेला.

"एक हत्ती दिवसाले किती खाते?"

"दीडशे किलो तरी."

"चौदा म्हंजे एकवीस क्विंटल." श्वास सोडला. "बाप्पा! हे आपल्याकडं नाई तेच बरं."

ओरिक्सला तो पहिल्या दिवसापासून रोहीच म्हणत होता. दोन ओरिक्स नामिबियाच्या राजमुद्रेवर आहेत हे कळल्यावर त्याला धक्का बसला. आपल्याकडे रोह्याला राजमुद्रेवर घेतलं तर तहसीलवर मोर्चा निघेल, असं त्याचं मत पडलं. पोराने मग बापाला समजावलं. 1996 साली तिथे कायदा झाला. गावच्या लोकांनी एकत्र येऊन आपल्या भागाची 'कन्झर्व्हन्सी' नोंदवायची, की तिथल्या वन्यप्राण्यांवर चालणाऱ्या पर्यटनाचं उत्पन्न त्या गावाला मिळतं. अशा ऐंशीहून जास्त झाल्यात. सगळं गोडीगुलाबीचं नाही, हत्ती तिथेही पिकं तुडवतात, सिंह गुरं मारतात. पण जनावर जिवंत राहण्यात गावाचाही काही वाटा आहे.

दादाने हे दोनदा सांगायला लावलं. मग खिशातून बिलाचा कागद काढून पाठीमागे 'सन 1996' असं लिहून घेतलं आणि तो कागद पाकिटात, बालाजीच्या फोटोमागे ठेवला.

परत आल्यावर बिछायतवाल्याने विचारलं, "वाघ दिसला काय, सर?"

"आफ्रिकेत वाघ नसतो."

"मंग गेल्ते कायले?"

डिसेंबरात मी दादाकडे गेलो होतो. तूर शेंगांवर होती. रात्री मीही मचाणीवर चढलो, नामिबियात घेतलेली लोकरी टोपी घालून. ती दादाने पाहिली आणि काही बोलला नाही. बाराच्या पुढे गार वारा सुटला. दूर हायवेवरून ट्रकांचा आवाज, मधूनच कुणाच्या तरी वावरातून डबा. मग आमच्याच धुऱ्याकडून पानं वाजली. दादाने टॉर्च मारला. उजेडात एक भला थोरला रोही, तोंडात तुरीची फांदी, आमच्याकडे निवांत बघत चघळत होता. मागे आणखी पाच-सहा जोड डोळे.

मी डबा उचलला. दादाने माझा हात धरला.

"थांब. आधी फोटू काढ. तिकडं तं रोजचे दोनशे काढत होता."

मी मोबाइल काढला. तेवढ्यात त्याने झाकण उचललं.